घाटावरची मगर

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रहिमतबी पायरीवर सरकून तरन्नुम बाईंच्या कानाला लागल्या. “आवं बाई, मगरी दोन कशाला केल्या?”

“एकच केलीय, चाची,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी पाहिलं.

एक मगर घाटाच्या ओट्यावर होती. खताची पोती, हिरवा रंग, थर्माकोलचे दात. पोटात आर्जव आणि शिवतेज, सातवी ब. दुसरी त्यांच्या मागं, कृष्णेच्या पाण्यालगतच्या पायरीवर. हिच्या दातांना पिवळा रंग कुणी दिला, हा चित्रकला शिकवणाऱ्या तरन्नुम बाईंच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा, ही कुणी केलेलीच नाही.

आफ्रिकेतल्या लोककथा गाण्यांतून, चित्रांतून मुलांना सांगायच्या, हा शाळेचा उपक्रम. नदीची गोष्ट नदीकाठी करू, ही बाईंची कल्पना. गावात कुणी हरकत घेतली नव्हती. मगर कायम पुढच्या गावात निघते.

गोष्ट साधी होती. मगर पोरं न्यायला येते. म्हातारी ढोल वाजवते. वाजतंय तोवर मगर ऐकत पडते. थांबलं की तिला भूक आठवते.

म्हातारीचं काम करणारी क्रांती ढोलाऐवजी हलगी वाजवत होती. पोरं धृपद उचलून धरत होती. आणि ती दुसरी, जबडा उघडा टाकून, पडली होती. ऐकत.

ओरडावं, तर गर्दी उठणार, हलगी बंद पडणार. बाई वाकून ओट्यावर उतरल्या.

“क्रांती, थांबू नको गं. काही झालं तरी थांबू नको.”

“हात भरून आलं, बाई.”

“वाजव. आर्जव, शिवतेज, वर चला. हळू.”

पोत्यातून आवाज आला, “गोष्टीत आमी आत्ता झोपलोय, बाई.”

बाईंनी पोतं धरून ओढलं. फाटेल म्हणून पोरांनी ते आतून घट्ट धरलं.

तेवढ्यात वर धन्यकुमार अण्णा आले. सरपंच आणि अध्यक्ष, नेहमीसारखे उशिरा. अध्यक्ष आले की चालू कार्यक्रम थांबवून सत्कार करायचा, ही गावाची रीत. मुख्याध्यापक शाल घेऊन धावले. बाईंनी पोतं सोडून दोन्ही हात हलवले, नको नको म्हणून. अण्णांनी लांबूनच नमस्कार केला. शाल पडली, नारळ आला, माइक आला.

“मगरी झकास केल्यात!” अण्णा म्हणाले. “मागची तर लय भारी. जिवंतच वाटती.”

टाळ्या पडल्या. मग अण्णांनी हात वर केला. क्रांतीनं बाईंकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. सरपंचांचा हात तो.

हलगी थांबली.

खालच्या पायरीवर तो उघडा जबडा सावकाश मिटला.

अण्णांनी माइक फुंकून पाहिला. “मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही,” ते म्हणाले.