आनंदबागेची दवंडी

"आज तरी सांग, पाळणा हाय की सर्कस?" दत्तारामने चहाची कपबशी सोनबासमोर ठेवली, पण वरचा हात काही काढला नाही. सांगितल्याशिवाय चहा नाही, असा त्याचा अर्थ.

"मला ठाव नाय," सोनबा म्हणाला.

"दवंडी तू देणार आणि तुलाच ठाव नाय?"

सोनबाने डफ बाकावर ठेवला आणि कपाळाला हात लावला. महाडात नदीच्या अंगाला पत्रे ठोकून आनंदबाग नावाची करमणुकीची बाग उभी राहू लागल्यापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पत्र्यांच्या आत काय येणार आणि कधी येणार, हे कुणालाच कळत नव्हतं. आणि जे कुणाला कळत नाही ते सोनबाला आधी कळतं, अशी गावाची समजूत. ती चुकीचीही नव्हती. लिलाव असो, तंबूतला सिनेमा असो, तुडीलची हरवलेली म्हैस असो, आजवर सगळं आधी त्याच्या कानावर आलं होतं आणि मग त्याच्या तोंडून गावाच्या. या बागेने मात्र त्याची पत घालवायला घेतली होती.

गावही काही कमी नव्हतं. एकाने आत उंट पाहिला होता, दुसऱ्याने त्याच उंटाचा जिराफ केला होता. हमरस्त्याला खांब रोवले आणि त्यांच्या टोकांना गोणपाटात गुंडाळून काहीतरी बांधलं, तेव्हा दत्तारामने ते विजेचे दिवे असल्याचं परस्पर ठरवून टाकलं. मुहूर्ताचं तर विचारूच नये. दसरा म्हणणारे दिवाळी म्हणणाऱ्यांशी बोलेनासे झाले होते.

घरी तरी सुख असावं? तिथे बायकोचा भाऊ कोंडाजी कापडे गावाहून येऊन बसला होता. भात पिकायला आलं तरी हलेना.

"भावोजी, नक्की कवा ते कळलं की कापणी पुढंमागं करीन म्हणतो," तो रोज म्हणायचा.

"भात तुझ्यासाठी थांबणार हाय काय रे?"

"अवो, त्याला कशाला बोलता?" बनुबाई चुलीपुढून म्हणायची. "तुमीच त्या मॅनेजरला धरा की. नायतर तो दवंडी दुसऱ्याच कुणाला देईल."

सोनबाला तीच धास्ती होती. पोलादपूरचा दवंडीवाला चांगू हल्ली महाडात फार दिसत होता, आणि चांगूचा गळा तरुण होता. एवढी मोठी दवंडी हातची गेली असती तर पुढे सोनबाला म्हशीसाठीसुद्धा कुणी बोलावलं नसतं.

तसं मॅनेजरने त्याला मागे एकदा बोलावलं होतं. हा रघुवीर मुंबईहून आलेला, गोड बोलणारा. त्याने सोनबाला खोलीत घेतलं, डफ बाहेर ठेवायला लावला, खिडक्या लावून घेतल्या आणि आवारातल्या सुतारांची ठोकाठोकही थांबवली.

"हं, आता द्या दवंडी."

"कसली?"

"सांगतो तशी. आवाज बघायचाय."

खोलीत कोंडून दवंडी. हसावं की रडावं, सोनबाला कळेना. पण चांगूची आठवण झाली आणि त्याने छाती भरून घेतली. 'ऐका हो ऐका' झालं, मग रघुवीर एकेक शब्द पुरवत गेला. उडते घोडे म्हणा. हसवणारे आरसे म्हणा. पोरांची आगगाडी म्हणा. आता दसऱ्यापासून म्हणा, दिवाळीपासून म्हणा, संक्रांतीपासून, होळीपासून. सगळ्या वर्षाचे सण ओरडून झाले तेव्हा सोनबाचा घसा सुकला होता आणि डोकं फिरलं होतं. ज्याचं स्वतःचंच काही ठरत नाही तो माणूस कसली बाग चालवणार?

"छान," रघुवीर म्हणाला. "चांगूला मी नाही म्हणून कळवलंय. आम्हाला आवाज तुमचाच हवा." वर त्याने एक कोरं धोतरही दिलं.

सोनबाने तो विसार समजून घेतला. "मग कवा येऊ?"

"गरज लागली तर निरोप पाठवतो."

तो निरोप अजून येत होता.

"बरं, त्या खोलीत काय काय होतं ते तरी सांग," दत्तारामने पुन्हा सुरुवात केली. हे त्याने याआधीही विचारलं होतं.

"मेज होतं. खुर्च्या होत्या. मेजावर एक पेटी, तिच्यात दोन चाकं फिरत होती."

"म्हणजे सिनेमाच," दत्ताराम म्हणाला.

आज बाजाराचा दिवस. हॉटेल भरलेलं होतं. कोपऱ्यात कोंडाजीही भजी खात बसला होता. सिनेमा म्हटल्यावर सगळी बाकं एकदम बोलू लागली आणि सोनबाचा संयम सुटला.

"गप ऱ्हावा जरा," तो म्हणाला. "माझं डोकं खाल्लंत सगळ्यांनी. उंट नाय, जिराफ नाय, सिनेमा नाय. एकच ध्यानात ठेवा. सोनबाच्या आवाजात ऐकाल तेच खरं. तोवर कुणाचं खरं धरू नका."

ते सगळ्यांनाच पटलं. दत्तारामने कपावरचा हात काढला आणि सोनबाने निवलेला चहा तोंडाला लावला.

बाहेर बागेचा एक माणूस शिडी लावून समोरच्या खांबावरचं गोणपाट सोडत होता.

"बघा, दिवे," दत्ताराम म्हणाला.

आतून पत्र्याचा कर्णा निघाला, निवडणुकीच्या सभेला असतो तसला. तो जरा खरखरला आणि मग बाजारपेठभर आरोळी घुमली.

"ऐका हो ऐका. आनंदबागेत उडते घोडे, हसवणारे आरसे, पोरांची आगगाडी. येत्या दसऱ्यापासून."

कोंडाजी भजी टाकून उठला. दत्तारामने आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग सोनबाकडे. सोनबाच्या तोंडात चहाचा घोट तसाच होता, आणि बाहेर भर बाजारात सोनबा दवंडी देत होता.