दंडावरची पट्टी

अप्पा दिवसभर सलूनमध्ये लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचे, पण इंजेक्शनचं नाव काढलं की त्यांचीच पाचावर धारण बसायची. गेल्या हिवाळ्यात लेकीला बाळ झालं, तेव्हा तिने बजावलं, "सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देत नाहीत, अप्पा. म्हणून घरातल्या मोठ्यांनी घ्यायची. तुम्ही घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

अप्पा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि सुई बघून तसेच सलूनमध्ये परतले. गिऱ्हाइकाला चुकून कापलं तर लावायला ठेवलेली एक पट्टी त्यांनी खणातून काढली आणि स्वतःच्याच दंडावर चिकटवली. घरी लेकीने ती पट्टी बघितली आणि हसत हसत बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात अप्पांना ताप-खोकला झाला. साधं दुखणं म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. मग बाळ तापलं, आणि लेक हॉस्पिटलातून नुसतं दुपटं घेऊन परतली.

यंदा अप्पा लसीच्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभे होते. नर्सने सुई टोचली, तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. संध्याकाळी लेकीला त्यांच्या दंडावरची पट्टी दिसली. तिने तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.



"किती मनाला लावून घ्याल, अप्पा? गेल्या वर्षीही तुम्ही लस घेतलीच होती ना."