फितीमागचं मशीन

या, जरा जवळ सरका, टाळ खाली ठेवा. ही गोष्ट कुणी कीर्तनात सांगत नाही, पण सांगायला पाहिजे.

सिटी स्कॅनच्या खोलीला झेंडूचं तोरण होतं, लाल फीत होती आणि कुलूपही होतं. किल्ली सप्ताह समितीच्या व्यंकटरावांच्या कमरेला. सरकारी दवाखान्यात खोली कधीचीच बांधून तयार होती, मशीनचा निधी मात्र येतो येतो म्हणत आलाच नाही. मग समितीनं गावोगाव वर्गणी केली. अट एकच, फीत सोमेश्वर महाराजांनी कापायची. त्यांच्याच कीर्तनांवर झोळी भरली होती.

सगळे खोळंबले होते, महाराजांचा पत्ता नव्हता. कुणी फोन लावू म्हणालं, तर व्यंकटरावांनी त्याला दटावलं. कीर्तनकाराला घाई करत नसतात. ते येतील तोच मुहूर्त.

तेवढ्यात जीपवाल्या प्रेमानंदनं गोरेगावच्या रस्त्यावर पडलेला एक माणूस आणला. मोटरसायकल घसरलेली, शुद्ध नाही, चेहरा सुजून ओळखू न येणारा, सोबतीला कुणी नाही. डोक्यात रक्त साकळलंय का, हे बघितल्याशिवाय डॉक्टरांना पुढं काही करता येईना. समोरच्या खासगी सेंटरवाल्यानं आधी पैसे टाका म्हणून सांगितलं.

सरिता सिस्टर किल्ली मागायला आली. व्यंकटरावांनी स्ट्रेचरकडं मान न वळवताच तिला समजावलं, महाराज वाटेतच असतील, थोडा दम धरा.

"मशीन काहून आणलं मग, हार घालायला?" सरिता म्हणाली. "कात्री नसंल तर ऑपरेशनची देते."

व्यंकटरावांच्या जिव्हारी लागलं.

"गरिबाला फुकट स्कॅन भेटावा म्हणून चपला झिजवल्या आमी, बाई. पहिला मान महाराजांचा. त्यांना इचारल्याबिगर कुलूप निघायचं न्हाई."

"मग इचारा की. तोंड शिवलंय का कुणी?"

व्यंकटराव तोरणाची फुलं सारखी करत राहिले. मागं त्या माणसाच्या घशात घरघर लागली. सरितानं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. प्रेमानंद भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

अखेर व्यंकटरावांनाही ती घरघर ऐकवेना. महाराजांची आज्ञा कोणत्या शब्दांत मागावी, ते मनाशी जुळवत त्यांनी नंबर लावला.

स्ट्रेचरवरच्या चादरीखाली फोन वाजायला लागला.

भजनाला बसाल तेव्हा सोमेश्वर महाराजांची आठवण काढा, बाबांनो.