निरोपाची शाल

मानवतच्या पतसंस्थेत किशनराव स्वतःची चूक खुशाल हाताखालच्या बबिताच्या माथी मारायचे, अन् वर चारचौघांत हसायचे, "पोरीला अजून जमंना बरं का!" पण तक्रार केली तर आपणच भांडखोर ठरू, नाव खराब होईल, म्हणून बबिता बिचारी गोड हसून सोसत राहायची.

अखेर किशनरावांची जिंतूरच्या शाखेत बदली झाली! बबितानं मनातल्या मनात फुगडी घातली. निरोप समारंभात तर तिनं भाषणच ठोकलं, "सरांकडून लय शिकायला मिळालं!"

टाळ्या झाल्या. पतसंस्थेच्या मोठ्या साहेबांनी किशनरावांना शाल पांघरली आणि पिशवीतून हळूच दुसरी शाल काढली.



"या बबिताताई! किशनरावांशी तुमच्याएवढं कुणाचंच पटत न्हाई, म्हणून तुमालाबी त्यांच्यासोबत जिंतूरलाच पाठवायलोत."