मासो खंय पळता?

"इंजिनाच्या आवाजान मासो पळता, साहेब," रांपणीचा म्होरक्या, तांडेल बाबली तिसऱ्यांदा म्हणाला.

"पळतो म्हणजे कुठे पळतो?" मुंबईहून आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं.

कुणीतरी हसलं.

त्या किनाऱ्यावर इंजिनाची एकच लाँच होती, तीही परगावच्या शेठची. सरकार आणखी वीस लाँचना कर्ज देणार होतं. त्या आल्या की रांपण संपली. रांपण म्हणजे साठ माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. दोरीला हात लावील त्याला वाटा. जात, वय कुणी विचारत नाही. विधवा हवाबी त्या वाट्यावरच जगत होती. आणि शेठची लाँच चालवत होता तिचाच मुलगा, इद्रीस. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. जेवण मात्र झाकून ठेवायची.

सरकारला धोरण हवं होतं, साहेबांना दुसऱ्या दिवशी दुपारची एस.टी. त्यांनी तोडगा काढला: उद्या सकाळी दोघांनी जाळी टाकावीत. लाँच भरली तर वीस लाँचना कर्ज. रांपण भरली तर किनाऱ्यालगत इंजिनाला बंदी.

सकाळी शेठ साहेबांशेजारी खुर्ची टाकून बसला. लाँच केव्हाच लांब गेली होती. टुकटुक करीत आडवे फेरे मारी, जरा किनाऱ्याकडे सरके, जाळं टाकी, रिकामं उचली, पुन्हा आडवी फिरे.

"तुझो झील दर्यो नांगरता काय गो, हवाबी?" बाबलीने टोमणा मारला.

"माका झील नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात टेकडीवर मासे हेरायला बसलेल्या माणसाने पंचा हलवला. माशांच्या थव्याने पाणी काळवंडलं होतं. रांपणीच्या होडीने घाईघाईने जाळ्याचा वेढा घातला. साठ जणांनी दोरी धरून पाय रेतीत रोवले. हवाबी शेवटून तिसरी. मधेच दोरी अडली. शेठने साहेबांपुढे चहाचा कप सरकवला.

मग जाळं आलं, आणि किनारा बांगड्यांनी तडतडू लागला.

साहेबांनी उभ्याउभ्याच बंदीची शिफारस लिहिली. शेठने सगळ्यांदेखत इद्रीसला कामावरून काढलं.

संध्याकाळी हवाबीने वाट्याचे बांगडे मुलाच्या ताटात वाढले आणि महिन्याने तोंड उघडलं.

"तुझ्या इंजिनाक भिऊन मासो पळालो. एक तरी गावलो तुका?"

"नाय."

"आता खातलंस काय?"

"तुझो वाटो."

"लाज नाय तुका!" म्हणत तिने आणखी एक तुकडा वाढला.

इद्रीसने काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"साहेबांनी विचारल्यानी ना, मासो खंय पळता? इंजिनाच्या फुडे फुडे पळता, माय. म्हणानच मी सकाळपासून भायल्या दर्यातसून किनाऱ्याकडे येय होतंय."