अकरावी ओळ

सरुबाईने कागद डोळ्यांसमोर धरला आणि लगेच परत दिला.

"माले नई येत, साहेब."

"प्रयत्न तरी करा. दोनच ओळी आहेत."

"नई येत."

पुण्याच्या संस्थेतून वाचनवर्गाचा निकाल मोजायला आलेल्या अरविंदने तक्त्यात आणखी एक शून्य टाकलं. वर्ग सिल्वासाच्या एका चाळीतला. बायका खानदेशातून कारखान्यात कामाला आलेल्या.

"मंजुषाताई, दोन वर्षं तुम्ही नेमकं शिकवलंत तरी काय?"

मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार काय? दारातल्या खुर्चीवर मुकादम वाल्मिक दात कोरत बसला होता. खोली त्याची, आणि बायकांना कामावर लावणाराही तोच. गेल्या महिन्यात कमळाबाईने अंगठा उठवण्याआधी त्याचा कागद मोठ्याने वाचला होता : 'मी राजीखुशीने काम सोडत आहे.' असे कागद तो सगळ्यांकडून आधीच घेऊन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कमळाबाई गाठोड्यासकट नंदुरबारच्या एसटीत होती. तेव्हापासून चाळीत कुणालाच वाचता येत नव्हतं.

"त्यांना जरा बाहेर बसायला सांगता का?" मंजुषा हळूच म्हणाली.

"असू द्या हो, जागा देतात बिचारे. या कमळाबाई कुठायत? गैरहजर? मग नापास धरतो."

"ती सगळ्यांत चांगली वाचायची."

"असेल. पण मला दिसायला हवं ना!"

चौदाच्या चौदा शून्यं झाली. शेऱ्यात त्याने लिहिलं, 'परिणाम आढळला नाही.' वर्ग बंद होणार हे मंजुषाला वेगळं सांगायला नको होतं. तिला रडूच येत होतं. तरी बायकांची कामं टिकतील, एवढं तरी झालं असं तिने मनाला समजावलं.

मग हजेरीच्या कागदावर अंगठे. अरविंद एकेकीला नावावर बोट ठेवून जागा दाखवत होता. सरुबाईच्या वेळी तो बेरजेत गुंतला होता. कागद नुसताच पुढे सरकवला. सरुबाईने शाईत अंगठा बुडवला आणि अकराव्या ओळीत, स्वतःच्या नावासमोर, नीट टेकवला. वर्गात आलं की आधी पटावर आपलं नाव शोधायचं आणि मगच बसायचं, ही मंजुषानेच लावलेली शिस्त.

जागा कुणीच दाखवली नव्हती, हे मंजुषाच्या ध्यानात आलं. सरुबाईच्याही लक्षात आलं. तिने निळा अंगठा पदरात लपवला.

अरविंदची बेरीज चालूच होती. वाल्मिक मात्र उठून कागदावर वाकला. त्या ओळीकडे बघत राहिला.

"शिकवलं बाकी चांगलं तुम्ही, मॅडम," तो म्हणाला आणि मागे वळला. "सरुबाई, उद्यापासून कामाले येऊ नको."