लाल झगा

यॉर्कशरमधल्या त्या गावात हिल्डाबाई सव्वीस वर्षं नगरसेविका होत्या, आणि वाचनालय बंद करायचा ठराव दर वेळी त्यांच्या एका मतावर अडायचा. या निवडणुकीआधी सहकारी नगरसेवक डेस्मंड चहाला आला.

"हिल्डाबाई, दारोदार फिरणं पुरे झालं आता. यंदा उभ्या राहू नका, तुम्हाला मानद आल्डरमन करायचं ठरलंय, जुन्या नगरसेवकांना मिळणारा सगळ्यात मोठा मान. लाल झगा, फोटो, सगळं."

"आणि वाचनालय?"

"मी आहे की. दर रविवारी चर्चमध्ये एका बाकावर बसतो आपण, एवढाही विश्वास नाही?"

हिल्डाबाईंनी अर्ज भरला नाही. मे महिन्यात भर सभेत त्यांच्या खांद्यांवर झगा चढला. टाळ्या वाजल्या, डेस्मंडने डोळेही पुसले आणि त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. पुढचाच विषय वाचनालयाचा निघाला. ठरावाच्या विरोधात एक हात कमी पडत होता. हिल्डाबाईंनी सवयीने हात वर केला, तसे चिटणीस वाकून हळूच म्हणाले, "बाई, मानद आल्डरमनना मत नसतं."

हात खाली घेत त्यांनी आशेने डेस्मंडकडे पाहिलं.



डेस्मंडचे दोन्ही हात त्यांच्या झग्याच्या चुण्या सारख्या करण्यात गुंतले होते.